गॅसचा मीटर बरोबर आहे हे ठरतं कसं?

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत सिलिंडरऐवजी पाइपने गॅस येऊ लागला आणि घरोघरी एक शंका शिरली: भिंतीवरचा हा मीटर खरं सांगतोय कशावरून? सिलिंडरचं तसं नव्हतं. आत 14.2 किलो गॅस हवा, शंका आली तर दारातच काट्यावर ठेवून वजन करून घेता येत होतं. पाइपमधला गॅस दिसत नाही, उचलता येत नाही आणि मीटरमधून पुढे गेला की लगेच जळून जातो. नंतर तपासायला हातात काही उरत नाही.

2024 च्या अखेरीस केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने वैध मापन कायद्याखाली गॅस मीटरसाठी नियमांचा मसुदा तयार केला. घरगुती असो, हॉटेलचा असो की कारखान्याचा, पैशांच्या व्यवहारासाठी वापरायचा प्रत्येक गॅस मीटर आधी तपासून, पडताळून, त्यावर शिक्का मारूनच बसवावा, असा त्याचा गाभा. ऐकायला साधं वाटतं. पण गॅसचा मीटर ‘तपासला’ म्हणजे नेमकं काय केलं? कशाशी ताडून पाहिला? आणि ज्याच्याशी ताडला ते तरी बरोबर कशावरून?

या प्रश्नांच्या मागे गेलं की एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. या सगळ्या कामात मीटर हा सोपा भाग आहे. अवघड आहे तो गॅस.

मीटरच्या पोटात काय चालतं

आपल्या घरात बहुधा डायफ्रॅम मीटर असतो. त्याच्या पत्र्याच्या पेटीत रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून चार कप्पे. गॅस एका कप्प्यात शिरतो, पडदा फुगून सरकतो आणि पलीकडच्या कप्प्यातला गॅस बाहेर ढकलला जातो. मग झडप फिरते आणि उलटं घडतं. चारही कप्पे एकदा भरून रिकामे झाले की एक आवर्तन पूर्ण. प्रत्येक आवर्तनात ठरावीक जागेएवढा गॅस पुढे जातो, दातेरी चाकं फिरतात आणि आकडा सरकतो. मीटरच्या तबकडीवर ‘व्ही’ या इंग्रजी अक्षरापुढे हे माप छापलेलं असतं, उदाहरणार्थ 1.2 घनडेसिमीटर, म्हणजे 1.2 लिटर.

त्याच तबकडीवर आणखी दोन आकडे असतात. ‘जी 1.6’ प्रकारच्या घरगुती मीटरवर कमाल प्रवाह ताशी 2.5 घनमीटर आणि किमान प्रवाह ताशी 0.016 घनमीटर असं लिहिलेलं असतं. या दोन टोकांमध्ये मीटरने विश्वासाने मोजावं, ही अपेक्षा. टोकांमधलं अंतर दीडशे पटीहून जास्त आहे. एकाच यंत्राने मंद आचेवरच्या दुधाचाही हिशेब ठेवायचा आणि सगळे बर्नर, शिवाय गॅसगिझर एकदम चालू असतानाचाही. मीटर बनवणाऱ्यांसमोरची ही खरी अडचण आहे आणि मीटर तपासणाऱ्यांसमोरचीही.

मीटरने दाखवलेला आकडा आणि प्रत्यक्षात गेलेला गॅस यांच्यातला फरक ज्ञात मापाशी ताडून शोधणं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यात दुरुस्ती येत नाही आणि सरकारी शिक्काही येत नाही. ‘या प्रवाहाला हा मीटर इतके टक्के जास्त किंवा कमी दाखवतो’, एवढंच ते सांगतं. तो फरक मर्यादेत आहे का हे पाहून शिक्का मारणं ही पडताळणी, आणि फरक कमी करण्यासाठी यंत्राची जुळणी बदलणं हे आणखी वेगळं काम. बोलताना या तिन्ही गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि निम्मा गोंधळ तिथंच सुरू होतो.

एक घनमीटर म्हणजे नेमका किती गॅस?

पाण्याचा मीटर तपासणं तुलनेने सोपं आहे. मीटरमधून पाणी सोडायचं, टाकीत जमा करायचं, वजन करायचं. पाणी सकाळी मोजा किंवा दुपारी, फरक नगण्य. गॅसची जागा मात्र तापमान आणि दाब या दोहोंवर ठरते. दाब तोच ठेवून 27 अंश सेल्सिअसचा गॅस 28 अंशांवर नेला, तर तो सुमारे 0.33 टक्के जास्त जागा घेतो. एक गॅसचा रेणूही न वाढवता!

म्हणूनच नुसतं ‘एक घनमीटर’ म्हणून भागत नाही. कोणत्या तापमानाला, कोणत्या दाबाला, हे सांगावंच लागतं. आपल्याकडे पाइपच्या गॅसचं बिल ‘एससीएम’मध्ये येतं, म्हणजे प्रमाणित घनमीटर. त्यासाठी 15 अंश सेल्सिअस तापमान आणि 1.01325 बार दाब धरतात. समुद्रसपाटीवर हवेचा जो सर्वसाधारण दाब असतो, तोच हा.

आता तपासणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मीटरची चूक दीड टक्क्याच्या आत आहे का, हे ठरवायचं आहे. त्यासाठी तपासणीच्या साधनाची अनिश्चितता त्याच्या फार तर एक तृतीयांश हवी, म्हणजे अर्धा टक्का. त्या अर्ध्या टक्क्यातला 0.33 टक्का केवळ एक अंशाच्या फरकाने खाऊन टाकला. सकाळी खिडकीतून ऊन आलं, यंत्राचा एक भाग जरा तापला, की निकाल डळमळला. गॅसप्रवाह तपासणारी यंत्रं बाहेरून टाक्या, नळ्या आणि पंपांची दिसतात. त्यांचं अर्धं काम खरं म्हणजे तापमान आणि दाब ओळखण्याचं आणि स्थिर ठेवण्याचं असतं.

तेलात उलटी ठेवलेली टाकी

या कामाचं सगळ्यात जुनं साधन अजूनही वापरात आहे: बेल प्रूव्हर. गावाकडे गोबरगॅसचा तरंगत्या टाकीचा संयंत्र पाहिला असेल तर हे यंत्र निम्मं समजलंच. शेणाच्या राड्यावर उलटी ठेवलेली लोखंडी टाकी गॅस साठला की वर येते आणि चूल पेटली की हळूहळू खाली बसते. बेल प्रूव्हरमध्ये राड्याऐवजी तेल असतं आणि टाकीऐवजी फार काळजीपूर्वक घडवलेला गोल धातूचा डबा, तळाकडून उघडा. तेलामुळे आतली हवा कोंडून राहते. डबा वर उचलून आत हवा भरायची आणि मग त्याला खाली बसू द्यायचं. तो एक सेंटिमीटर खाली आला की किती हवा बाहेर ढकलली, हे त्याच्या व्यासावरून ठरतं. ती हवा मीटरमधून जाते. डब्याने सांगितलं 100 लिटर, मीटरने दाखवले 101, तर मीटरची चूक अधिक एक टक्का.

तत्त्व एवढंच. कस लागतो तो बारकाव्यांत. डबा जसजसा तेलात बुडतो तसतसं तेल त्याला जास्त वर ढकलतं, म्हणजे त्याचं परिणामी वजन कमी होतं आणि आतला दाब पडू लागतो. दाब बदलला की हिशेब बिघडला. यावर तोडगा म्हणून प्रतिभाराची दोरी वक्र कडेच्या चाकावरून नेतात, म्हणजे डब्याच्या प्रत्येक उंचीला उलटा ओढा नेमका तेवढाच बदलतो आणि आतला दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा राहतो. मला हा तोडगा फार सुंदर वाटतो. विजेची एक तारही न वापरता केवळ चाकाच्या आकाराने साधलेली दुरुस्ती. पाण्याऐवजी तेल वापरण्यालाही कारण आहे: पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं आणि आकारमान बदलतं. तेल भिंतीला चिकटतं, म्हणून डबा वर उचलल्यावर ते निथळेपर्यंत थांबावं लागतं. घाई केली तर भिंतीवरची तेलाची साय तेवढी जागा अडवून बसते.

हे साधन आलं ते गॅसच्या दिव्यांच्या काळातून. इंग्लंडमध्ये गॅसच्या विक्रीवरून ग्राहक आणि कंपन्यांचे इतके वाद झाले, की 1859 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात घनफूट कशाला म्हणायचं हे पाण्याच्या वजनाने ठरवलं: 62 अंश फॅरनहाइटला 62.321 पौंड ऊर्ध्वपातित पाणी मावेल एवढी जागा म्हणजे एक घनफूट. न दिसणाऱ्या गॅसचं माप वजन करता येणाऱ्या पाण्याला बांधून टाकलं. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 मध्ये गॅसचे दिवे लागले, तेव्हा हा कायदा अवघा सहा वर्षांचा होता.

ध्वनीच्या वेगाला अडणारं छिद्र

बेल प्रूव्हर अचूक असला तरी संथ आहे. रोज शेकडो मीटर तपासायचे असतील तर डबा उचला, थांबा, खाली सोडा, असं करत बसता येत नाही. आज मीटरच्या कारखान्यांत आणि चाचणी केंद्रांत बहुतेक काम सॉनिक नोझल करतं. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण तुकडा हाच आहे.

सॉनिक नोझल म्हणजे धातूच्या ठोकळ्यात कोरलेली एक नळी: तोंडाशी गोलाईने अरुंद होत जाणारी, मध्ये बारीक गळा, आणि पुढे हळूहळू रुंद होणारी. एका टोकाला खोलीतली हवा, दुसऱ्या टोकाला पंप. पंपाने ओढायला सुरुवात केली की हवा गळ्यातून वाहते. आणखी ओढलं की आणखी वेगाने. पण पंपाकडचा दाब वरच्या, म्हणजे हवा शिरते त्या बाजूच्या, दाबाच्या साधारण निम्म्यावर आला की गळ्यातल्या हवेचा वेग तिथल्या ध्वनीच्या वेगाइतका होतो आणि तिथंच थांबतो. त्यानंतर पंप कितीही जोर लावो, प्रवाह तसूभरही वाढत नाही.

असं का व्हावं? पंपाने दाब कमी केल्याची ‘खबर’ हवेतून वर पोहोचते ती ध्वनीच्याच वेगाने. गळ्यातली हवा त्याच वेगाने खाली धावत असेल, तर खबर गळ्याच्या वर चढूच शकत नाही. वरच्या हवेला खालचा गोंधळ कळतच नाही. पंप थरथरला, विजेचा दाब कमीजास्त झाला, तरी नोझलमधून दर सेकंदाला जाणारी हवा तेवढीच. ती फक्त तीन गोष्टींवर ठरते: गळ्याचं क्षेत्रफळ, वरचा दाब आणि वरचं तापमान. यंत्रात हलणारा एकही भाग नाही, म्हणून झीजही नाही.

आकारांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. एक मिलिमीटर व्यासाच्या गळ्यातून खोलीतल्या साध्या हवेचा ताशी साधारण अर्धा घनमीटर प्रवाह जातो. आपल्या घरगुती मीटरच्या कमाल प्रवाहासाठी, म्हणजे ताशी अडीच घनमीटरसाठी, दोन मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा गळा पुरतो. वरची हवा 27 अंशांवर असेल तर गळ्यातून जाताना ती क्षणभर उणे 23 अंशांपर्यंत थंड होते, इतकं तिथलं वातावरण टोकाचं असतं. चाचणीच्या टेबलावर वेगवेगळ्या व्यासांची अनेक नोझल शेजारी शेजारी बसवलेली असतात. पाहिजे तो प्रवाह मिळवायला पाहिजे ती उघडायची, बाकीची बंद ठेवायची.

झीज नसली तरी घाण जमतेच. दोन मिलिमीटरच्या गळ्याच्या भिंतीवर सगळीकडून पाच मायक्रॉनची साय धरली, तर क्षेत्रफळ जवळपास एक टक्क्याने घटतं. माणसाचा केस याच्या दहापट किंवा त्याहूनही जाड असतो. त्यामुळे या यंत्रांच्या तोंडाशी हवा गाळणारे फिल्टर असतात आणि त्यांची निगा राखणं ही अचूकतेची पहिली अट ठरते.

टेबलावर प्रत्यक्ष काय होतं

मीटर आणि नोझल एकाच नळीवर एकामागोमाग एक जोडलेले असतात. एका बाजूने शिरलेली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारच, म्हणून दोघांतून जाणाऱ्या हवेचं वस्तुमान सारखं. नोझल सांगतं दर सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली. मीटर सांगतो किती लिटर. ग्रॅमचे लिटर करायला मीटरपाशी हवा किती दाट आहे हे कळायला हवं, म्हणून मीटरच्या जागेचा दाब, तापमान आणि खोलीतली आर्द्रतासुद्धा नोंदवतात.

वेळ वाचावा म्हणून एकाच रांगेत अनेक मीटर लावतात. प्रत्येक मीटर हवेला थोडा अडवतो आणि दाब थोडा पडतो. कमाल प्रवाहाला एका मीटरमागे 2 मिलिबार दाब पडला, तर पाचव्या मीटरपाशी हवा पहिल्यापेक्षा 0.8 टक्के पसरलेली असते. तो मीटर तेवढं जास्त दाखवेल आणि ते बरोबरच असेल! म्हणून प्रत्येक मीटरपाशी दाब वेगळा मोजावा लागतो.

गळतीचंही तसंच. पंप ओढत असल्याने नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. मीटर आणि नोझल यांच्यामध्ये कुठे बारीक फट राहिली तर खोलीतली हवा तिथून आत शिरते, नोझल ती मोजतं आणि मीटरने तर ती पाहिलेलीच नसते. निर्दोष मीटर संथ ठरतो. म्हणून आधी गळतीची चाचणी, मग मोजणी. मीटर आदल्या दिवशीच त्या खोलीत आणून ठेवतात, म्हणजे त्यांचं तापमान खोलीएवढं होतं. गोदामातून आलेला तापलेला मीटर लगेच जोडणं म्हणजे आधीच चूक ठरवून टाकणं.

मोजणी किमान, मधल्या आणि कमाल अशा निदान तीन प्रवाहांना होते. सगळ्यात कंटाळवाणी असते किमान प्रवाहाची. ताशी 16 लिटरच्या धारेने 1.2 लिटरचं एकच आवर्तन पूर्ण व्हायला साडेचार मिनिटं लागतात, आणि आवर्तन अर्धवट सोडून चालत नाही, कारण एका आवर्तनाच्या आतही मीटर सगळीकडे सारखा धावत नसतो. कमी प्रवाहाची चाचणी टाळायचा मोह इथंच होतो, आणि ती टाळली तर मंद आचेचं सत्य कळतच नाही. जुन्या मीटरच्या झडपा झिजल्या की थोडा गॅस न मोजताच निसटतो आणि हा दोष सगळ्यात ठळक दिसतो तो याच टोकाला. म्हणजे अशा झिजेचा फटका ग्राहकाला नाही, गॅस कंपनीला बसतो.

गॅसचा मीटर हवेने कसा काय तपासता?

ही शंका अगदी रास्त आहे. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो आणि तो हवेपेक्षा बराच हलका. पण डायफ्रॅम मीटर कप्पे मोजतो. कप्प्यात काय भरलंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही, म्हणून हवेवर मिळालेला निकाल गॅसवरही लागू पडतो. स्फोटाचा धोका नाही, हवा फुकट आहे, आणि मोजून झाल्यावर तिचं करायचं काय हा प्रश्नही नाही.

सगळ्या मीटरांना हे लागू नाही, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. दवाखान्यात ऑक्सिजनच्या नळीवर काचेच्या उभ्या नळीत गोळी तरंगणारा जो रोटामीटर असतो, त्याचं वाचन वायूच्या घनतेवर ठरतं. ऑक्सिजनसाठी आखलेली पट्टी दुसऱ्या वायूला चालत नाही. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरांपैकी काही तापलेल्या चिपवरून वायू किती उष्णता नेतो यावरून प्रवाह ओळखतात. तिथं तर वायूचा प्रकार हाच मापाचा पाया असतो. काही मीटर अल्ट्रासॉनिक आहेत: ध्वनीची लहर प्रवाहाबरोबर जायला किती वेळ घेते आणि प्रवाहाविरुद्ध किती, यातल्या फरकावरून वेग काढतात. स्मार्ट मीटर म्हटलं की लोकांना वाटतं तो आपोआप जास्त खरा. आकडा मोबाइलवर पाठवता येणं आणि आकडा बरोबर असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यालाही याच टेबलावर बसावं लागतं.

मग तपासणाऱ्या यंत्राला कोण तपासतं?

कारखान्यातल्या नोझलची तुलना त्याहून सरस प्रयोगशाळेतल्या साधनाशी होते, त्याची आणखी वरच्याशी. आपल्याकडे या साखळीत केरळमधल्या पालक्काडची फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ही महत्त्वाची नावं आहेत. खासगी प्रयोगशाळांच्या क्षमतेची तपासणी करून त्यांना मान्यता देण्याचं काम ‘एनएबीएल’ करतं.

पण साखळी कुठेतरी संपायलाच हवी. ती संपते तिथं प्रवाह मोजणारं साधन उरतच नाही, उरतात फक्त मूळ मापं: लांबी, वस्तुमान, काळ, तापमान. एक पद्धत अशी: पक्क्या भिंतींची टाकी घ्यायची, तिची जागा पाण्याने भरून आणि वजन करून नेमकी काढायची. मग टाकी निर्वात करायची आणि ठरावीक सेकंद नोझलमधला वायू तिच्यात जमा करायचा. आधीचा आणि नंतरचा दाब, तापमान, लागलेला वेळ, एवढ्यावरून दर सेकंदाला किती वायू आला हे निघतं. भरताना वायू तापतो, म्हणून टाकी पाण्याच्या हौदात बुडवून तापमान एकसारखं होईपर्यंत वाट पाहतात. दुसरी पद्धत आणखी सरळ: वायूचं सिलिंडर आधी आणि नंतर तोलायचं.

मोठ्या दाबाच्या वाहिन्यांवर हा प्रश्न देशांच्या पातळीवर जातो. सीमेपलीकडे गॅस विकताना दोन देशांचे ‘घनमीटर’ शतांश टक्क्यांनी वेगळे निघाले तरी त्यात मोठी रक्कम अडकते. जर्मनीत डॉर्स्टेनला ‘पिगझार’ नावाचं केंद्र आहे. तिथं लांब नळीत पिस्टन सरकतो आणि खुद्द उच्चदाबाच्या नैसर्गिक वायूवर मोजणी होते. 1999 मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी आपापली संदर्भमूल्यं जुळवून एकच सामायिक घनमीटर वापरायला सुरुवात केली. पुढे फ्रान्सही त्यात आला.

‘दीड टक्का सूट आहे, म्हणजे कंपनी मीटर दीड टक्का पुढेच ठेवणार’

ओआयएमएल या आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेच्या ‘आर 137’ शिफारशीत 1.5 या अचूकतेच्या वर्गातल्या नव्या मीटरला कमाल प्रवाहाच्या दहाव्या भागापासून वर अधिक-उणे दीड टक्का, आणि त्याखाली तीन टक्के चूक चालते. वापरातल्या मीटरला याच्या दुप्पट. घरगुती मीटरवर हा दहावा भाग म्हणजे ताशी 0.25 घनमीटर, जवळपास एका मोठ्या बर्नरची पूर्ण आच. मंद आच त्याच्या खाली, तीन टक्क्यांच्या पट्ट्यात पडते.

सूट एकाच बाजूने वापरून घ्यायची पळवाट शिफारशीत बंद केलेली आहे. वेगवेगळ्या प्रवाहांवरच्या चुकांची भारित सरासरी 1.5 वर्गासाठी अधिक-उणे 0.6 टक्क्याच्या आतच असावी लागते. म्हणजे एखाद्या प्रवाहाला मीटर जरा पुढे चालेल, पण सगळीकडेच पुढे चालता येणार नाही.

पैशांत सांगायचं तर महिन्याला 15 एससीएम वापर आणि दर 50 रुपये धरला, तर बिल 750 रुपये. त्यातला दीड टक्का म्हणजे सव्वाअकरा रुपये. बिल अचानक दुप्पट झालं असेल तर कॅलिब्रेशनच्या चुकीने ते होण्याची शक्यता फार कमी आहे. आधी नोंद चुकली का, अंदाजे बिल आलं होतं का, मीटरनंतर कुठे गळती आहे का, हे पाहा. गळतीची शंका असेल तर आधी मुख्य झडप बंद करा, बिलाचं नंतर बघता येईल. एका घरासाठी सव्वाअकरा रुपये किरकोळ; लाखो घरांचे मिळून मात्र मोठे होतात, आणि म्हणूनच शिक्क्याचा आग्रह धरायचा.

प्रयोगशाळेत पास झाला, पण पुण्यात काय?

मला वाटतं ग्राहकांनी सगळ्यात जास्त विचारायला हवा तो हा प्रश्न, आणि नेमका तोच विचारला जात नाही. साधा डायफ्रॅम मीटर जागा मोजतो, प्रमाणित घनमीटर मोजत नाही. घरात गॅस हवेच्या दाबापेक्षा सुमारे 21 मिलिबार जास्त दाबाने येतो. मुंबईत हवेचा दाब 1013 मिलिबारच्या आसपास, म्हणजे मीटरमधला एकूण दाब साधारण 1034. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. तिथं हवेचा दाब 950 च्या आसपास आणि मीटरमधला एकूण 971. तापमान सारखं धरलं तर मीटरवरच्या एका घनमीटरमध्ये मुंबईत प्रमाणापेक्षा दोन टक्के जास्त गॅस असतो आणि पुण्यात चार टक्के कमी. दोन शहरांत सहा टक्क्यांचा फरक, आणि दोन्हीकडचे मीटर निर्दोष!

त्यावर तापमान. 15 अंशांऐवजी गॅस 35 अंशांवर असेल तर तो जवळपास सात टक्के जास्त जागा घेतो. उन्हात तापणाऱ्या बाल्कनीतल्या मीटरला हे लागू पडतं. तापमानाची दुरुस्ती आतच करणारे मीटर मिळतात, आणि कारखान्यांच्या मोठ्या जोडण्यांवर दाब-तापमान मोजून हिशेब दुरुस्त करणारं वेगळं यंत्रही असतं. घरगुती बिलात मीटरचं वाचन जसंच्या तसं घेतलंय की त्याला दुरुस्तीचा गुणक लावलाय, हे आपल्या गॅस कंपनीला लेखी विचारा. ‘मीटर तपासा’ या अर्जापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरात जास्त रुपये दडलेले असू शकतात.

हवा किती वाईट, हेही यावरच

हीच यंत्रं आणखी एका आकड्यामागे उभी आहेत. शहरातल्या पीएम 2.5 च्या बातम्या ज्या उपकरणांवरून येतात, त्यांतली बरीच मिनिटाला 16.7 लिटर, म्हणजे तासाला एक घनमीटर हवा ओढतात. जमलेली धूळ भागिले ओढलेली हवा, हा तो आकडा. पंप मंदावला आणि उपकरणाला ते कळलं नाही, तर भागाकार चुकतो. शिवाय मोठे कण वगळून बारीकच आत घेण्याचं काम हवेच्या वेगावरच चालतं. वेग घटला की नको ते मोठे कणही आत येतात. एक दोष आकडा खाली ओढतो, दुसरा वर. म्हणून तंत्रज्ञ हातात मावणारं प्रवाहमापक घेऊन ठरावीक काळाने केंद्रांवर जातात. प्रयोगशाळेतली त्याची जुनी आवृत्ती म्हणजे काचेच्या नळीत वर सरकणारा साबणाचा पापुद्रा आणि स्टॉपवॉच. दोन खुणांमधलं अंतर पापुद्र्याने किती सेकंदांत कापलं, एवढंच पाहायचं.

मीटर खरा, गॅस वेगळा

शेवटची शंका कॅलिब्रेशनच्या हद्दीबाहेर जाते, पण पुढच्या काही वर्षांत ती वाढणार आहे. गुजरातमध्ये सुरतजवळ कवासला एनटीपीसीच्या वसाहतीत 2023 पासून घरगुती गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचा प्रयोग सुरू झाला. मिश्रणाचं प्रमाण पुढे आठ टक्क्यांपर्यंत नेलं. एका घनमीटर हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या साधारण एक तृतीयांशच उष्णता असते. आठ टक्के मिश्रणाचा घनमीटर म्हणजे सुमारे साडेपाच टक्के कमी उष्णता. बेल प्रूव्हर, नोझल, पाण्याने मापलेली टाकी, सगळ्यांनी ‘बरोबर’ ठरवलेला मीटर हा फरक पकडू शकत नाही, कारण तो जागा मोजतो आणि जागा खरोखर तेवढीच असते. ब्रिटन आणि जर्मनीत घरगुती गॅसचं बिल किलोवॅट-तासांत येतं. मीटरच्या घनमीटरांना गॅसच्या उष्णतामूल्याने गुणून. ते मूल्य मोजायला मीटरच्या टेबलापासून पूर्णपणे वेगळी यंत्रं लागतात: वाहिनीवर बसवलेले, गॅसमधले घटक वेगळे करून मोजणारे गॅस क्रोमॅटोग्राफ. आणि त्यांचंही कॅलिब्रेशन करावं लागतं, नेमकं मिश्रण ठाऊक असलेल्या, वजन करून भरलेल्या सिलिंडरांनी.